दोन किलोचे वजन आणि पंचवीस चिंचोके

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवावे, असे शाळेचे पत्र आले तेव्हा लिहिण्यासारखे पुष्कळ आहे अशा समजुतीने मी कागद घेऊन बसलो. परंतु दोन दिवस उलटले तरी लेखणी इतिहासाच्या सरांपाशीच अडून राहिली. सरांचे नाव लिहिण्याची आवश्यकता नाही, कारण आपल्या शाळेत ‘इतिहासाचे सर’ म्हटले की दुसरे कोणी डोळ्यांसमोर येत नाही. इतर गुरुजनांनी मला क्षमा करावी. त्यांचे ऋण कमी नाही, पण या मनोगतात त्यांना जागा उरलेली नाही.

मी नववीत होतो ते वर्ष १९७२चे, म्हणजे दुष्काळाचे. वर्गातील निम्म्या मुलांचे आईवडील खडी फोडायला जात होते आणि घरोघरी रेशनवरच्या मिलो या लाल ज्वारीच्या भाकरी थापल्या जात होत्या. अशा दिवसांत एका दुपारी सर वर्गात आले ते पुस्तक न घेता. एका हातात किराणा दुकानातून मागून आणलेले दोन किलोचे लोखंडी वजन होते आणि दुसऱ्या हातात चिंचोक्यांची पुरचुंडी. फ्रेंच राज्यक्रांतीचा धडा त्या दिवशी सुरू झाला.

सरांनी वजन टेबलावर ठेवले आणि ‘हा पॅरिसमधला चार पौंडांचा पाव’ असे सांगितले. मग पंचवीस चिंचोके मोजून ओळीने मांडले. ती तिथल्या मजुराची एका दिवसाची कमाई, पंचवीस सू; सू हे तिथले नाणे. कोणाला वीस मिळत, कोणाला तीस. त्यातले आठ चिंचोके त्यांनी वजनाशेजारी सरकवले. बऱ्या दिवसांत पाव तेवढ्याला मिळे. नंतर त्यांनी १३ जुलै १७८८ या दिवसाची गोष्ट सांगितली, जेव्हा उत्तर फ्रान्समध्ये गारपिटीने उभे पीक आडवे झाले, आणि त्यानंतरच्या हिवाळ्याची, जेव्हा सीन नदी गोठली. मग पुन्हा मोजणी झाली. फेब्रुवारी १७८९मध्ये त्याच पावाला साडेचौदा सू पडत होते. अर्ध्या सूसाठी सरांनी खिशातला सुपारीचा अडकित्ता काढून एक चिंचोका कट्‌कन फोडला. घरभाडे, सरपण आणि कपडालत्ता यांसाठी टेबलावर साडेदहा चिंचोके उरले होते. वर्गात कोणी बोलले नाही.

बोललो तो मी. हुशारी दाखवण्याच्या नादात ओरडलो, “सर, पाव महाग होता तर त्यांनी मिलो खायची!” वर्ग खो खो हसला. आता छडी पडणार असे मला वाटले; पण सरांनी शांतपणे सांगितले की, ‘पाव नसेल तर केक खावा’ असेच एक वाक्य तिथल्या राणीच्या नावावर लोकांनी घातलेले आहे, मात्र ती तसे बोलल्याचा पुरावा नाही. “तुझ्या बाबतीत मात्र पन्नास साक्षीदार आहेत,” असे म्हणून त्यांनी मला पुढे बोलावले आणि चिंचोके गोळा करायला लावले. त्या दिवसापासून शाळा सोडेपर्यंत मुले मला ‘राणी’ म्हणत. आज सदुसष्टाव्या वर्षीही बाजारात एकजण तशी हाक मारतो.

परंतु सरांना त्या दिवशी भुकेची गोष्ट सांगायचीच नव्हती. भूक तर १७७५मध्येही होती. तुर्गो हा अर्थमंत्री असताना धान्याचे भाव कडाडले, उत्तर फ्रान्समध्ये ठिकठिकाणी पिठाच्या गोण्या लुटल्या गेल्या, सैन्य आले आणि काही आठवड्यांत सारे थंडावले. राजाच्या मुकुटाला धक्का लागला नाही. मग चौदा वर्षांनी काय निराळे घडले? सरांचे उत्तर माझ्या वहीत आजही आहे: ‘गर्दी मोजू नका, गाऱ्हाण्यावरचा पत्ता वाचा.’ १७७५मध्ये तो पत्ता पाववाल्याचा आणि व्यापाऱ्याचा होता. तो राजवाड्यापर्यंत कसा पोहोचला, हे त्यांनी आम्हाला पुढचे चार तास शिकवले. अभ्यासक्रमात त्याला एकच तास होता.

राजाची तिजोरी आधीच रिकामी होती. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांविरुद्ध ओतलेला पैसा कर्जाचा होता आणि १७८८मध्ये खर्चाचा जवळजवळ निम्मा भाग कर्जफेडीत आणि व्याजात जात होता. त्याच वर्षी १० ऑगस्टला व्हर्सायच्या दरबारात टिपू सुलतानाच्या वकिलांचे थाटात स्वागत झाले आणि अवघ्या सहा दिवसांनी तिजोरीने आपली काही देणी रोखीत चुकती करणे थांबवले. हा प्रसंग सर फार रंगवून सांगत. म्हैसूरचे वकील पाहुणचार घेत असताना यजमानाच्या घरी पैसा नव्हता, हे सांगताना ते अडकित्ता वाजवत. ज्यांच्याकडे पैसा होता, त्या सरदारांना आणि धर्मगुरूंना कराच्या मोठमोठ्या सवलती होत्या आणि त्या सोडायची त्यांची तयारी नव्हती. म्हणून १६१४नंतर कधीही न भरलेली एस्टेट्स जनरल ही सभा राजाला बोलवावी लागली, आणि त्यासाठी गावोगावच्या लोकांना आपली गाऱ्हाणी वह्यांत लिहून पाठवण्यास सांगण्यात आले.

या वह्या म्हणजे सरांचा जीव की प्राण. मिठावरचा कर, धर्मगुरूंचा दशमांश, शेतात धुडगूस घालणारी सरदारांची पाळीव कबुतरे आणि त्यांनी शिकारीसाठी राखलेले ससे, असे सारे त्यांत होते. पण राजाविरुद्ध बहुधा काही नव्हते. उलट ‘आमच्या दयाळू राजाला हे ठाऊक नसावे’ असाच सूर होता. सर म्हणत की, राजाने प्रजेला तक्रार लिहायला लावली आणि उत्तर देण्याची तयारी मात्र ठेवली नाही, ही त्याची खरी चूक. मला हे आजही पटते. तोपर्यंत एकेकटे कुरकुरणारे गाव आता शेजारचे गावही तेच लिहीत आहे हे पाहू लागले होते.

पुढे पत्ता भराभर बदलत गेला. ५ मे १७८९ला सभा भरली, १७ जूनला तिसऱ्या वर्गाच्या, म्हणजे सरदार आणि धर्मगुरू सोडून उरलेल्या सामान्य लोकांच्या, प्रतिनिधींनी स्वतःला राष्ट्रीय सभा म्हणवून घेतले, आणि तीन दिवसांनी सभागृह बंद दिसताच टेनिस कोर्टावर जमून, संविधान झाल्याशिवाय पांगणार नाही, अशी शपथ घेतली. राजाने ११ जुलैला लोकप्रिय मंत्री नेकेर याला काढले आणि पॅरिसभोवती सैन्य वाढवले, तेव्हा भुकेले लोक आणि राष्ट्रीय सभा यांचे भय एकच झाले. १४ जुलैला जमाव बॅस्टिल या तुरुंग असलेल्या किल्ल्यावर गेला तो कैदी सोडवायला नव्हे, बंदुकीच्या दारूसाठी. कैदी तर सातच होते. सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले ते वेगळेच: राजाच्याच पलटणीतील फ्रेंच गार्ड शिपाई जमावाला जाऊन मिळाले. १७७५चे सैन्य आणि हे सैन्य यांतच सारा फरक होता. आणि ५ ऑक्टोबरला बाजारातल्या बायका पावसात, तोफा ओढत, सुमारे वीस किलोमीटर चालून व्हर्सायला गेल्या आणि दुसऱ्या दिवशी राजा, राणी व राजपुत्र यांना पॅरिसला घेऊन आल्या. वाटेत ‘पाववाला, पाववाली आणि पाववाल्याचा पोरगा आणला’ अशा आरोळ्या चालल्या होत्या. गाऱ्हाणे आता योग्य दारी पोहोचले होते, असे सर म्हणाले.

मागच्या बाकावरच्या एका मुलाने, ज्याची आई खडी केंद्रावर होती, विचारले, “सर, मग आपल्याकडे का होत नाही?” सरांनी बराच वेळ खिडकीबाहेर पाहिले. मग ते म्हणाले की, आपल्याकडे कामे निघाली आहेत, सुकडी वाटली जाते, मोर्चे निघतात आणि निवडणूक पुन्हा येणार आहे. गाऱ्हाण्याला पाठवायला अनेक पत्ते आहेत. फ्रान्सच्या त्या लुई राजाच्या प्रजेपाशी शेवटी एकच उरला. त्या मुलाचे समाधान झाले नव्हते, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून दिसले.

पुढे मी पुरवठा खात्यात लागलो आणि २०१६मध्ये अधिकारी म्हणून निवृत्त झालो. रेशनच्या दुकानापुढच्या रांगेत लोक काय बोलतात ते ऐकण्याची सवय मला या धड्याने लावली. रांग दुकानदाराला शिव्या देत असेल तर मी दुकान तपासत असे. रांग काहीच बोलत नसेल, तर त्याच दिवशी वरिष्ठांना कळवत असे. माझ्या नोकरीत जे थोडे नाव झाले, ते त्या पंचवीस चिंचोक्यांच्या जिवावर.

माझी नात यंदा नववीत आहे. तिच्या प्रश्नपत्रिकेत ‘क्रांतीची कारणे लिहा’ असे येते आणि तिला सहा मुद्दे तोंडपाठ आहेत. त्यांत पाव आहे, पण त्याची किंमत नाही.

शाळेच्या प्रदर्शनासाठी माझी नववीची वही सोबत पाठवत आहे. सहामाहीच्या उत्तरात मी ‘१४ जुलै १७८९ रोजी राजेशाही संपली’ असे लिहिले होते. सरांनी ते लाल शाईने खोडून समासात लिहिले आहे: ‘राजेशाही २१ सप्टेंबर १७९२पर्यंत आहे. लोकांनाही इतकी घाई नव्हती.’ मांडताना कृपया तेच पान उघडे ठेवावे.