वुहान: एव्ही ओकुबोच्या गावात न्यू वेव्ह ऐकायला जाताना

चीनमधलं रॉक म्हटलं की सगळे बीजिंगकडे धावतात. माझं मत वेगळं आहे. ज्याला न्यू वेव्ह, म्हणजे पंकमधून निघालेलं, कीबोर्डच्या तालावर नाचवणारं रॉक ऐकायचंय, त्यानं वुहान गाठावं. एव्ही ओकुबो हा बँड २००६च्या आसपास याच शहरात उभा राहिला. तेव्हा ही पोरं विशीत होती. हे गाव पाहिल्याशिवाय त्यांचं संगीत अर्धंच कळतं, असं मला तिथे फिरताना सारखं वाटत होतं.

पहिल्यांदा ऐकताना हा बँड नुसताच धमाल वाटतो. कीबोर्डमधून जुन्या व्हिडिओ गेमसारखे आवाज निघतात, गिटार धारदार आहे आणि ठेका पाय स्थिर ठेवू देत नाही. त्यांच्या पहिल्या अल्बमचं नाव 'द ग्रीड ऑफ मॅन'. १९९२ साली हाँगकाँगच्या टीव्हीबी वाहिनीवर शेअर बाजाराच्या पार्श्वभूमीवरची एक मालिका तुफान गाजली होती, तिचंही इंग्रजी नाव हेच. हाँगकाँगचे चित्रपट, मालिका आणि गेम पार्लर यांच्यावर वाढलेल्या पिढीनं आपल्या भोवतालच्या पैशाच्या हव्यासाबद्दल बोलायला त्याच पडद्यावरची भाषा उचलली. उपदेश नाही, घोषणा नाही. नाचता नाचता माणूस विचारात पडतो, ही त्यांची ताकद. पुढचा अल्बम 'डायनॅस्टी' गँग ऑफ फोर या ब्रिटिश बँडचा गिटारवादक अँडी गिल यानं निर्मित केला, तेही साहजिकच होतं. १९७९ सालापासून गँग ऑफ फोर हेच करत आले होते: बाजारू जगण्यावरची टीका नाचाच्या तालात बसवणं.

आता जायचं कसं. ऑक्टोबर २०२५ पासून भारत-चीन थेट विमानं पुन्हा सुरू झाली. कोलकाता आणि दिल्लीहून दक्षिण चीनमधल्या ग्वांगजौला जाता येतं. मुंबई-पुण्याच्या मंडळींनी वाटेत एक विमान बदलायची तयारी ठेवावी. ग्वांगजौहून वुहानसाठी पुन्हा विमान घेऊ नका, वेगवान रेल्वे घ्या. २००९च्या डिसेंबरात सुरू झालेला हा मार्ग साधारण हजार किलोमीटरचा आहे आणि गाडी चारेक तासांत पोचवते. तिकीट १२३०६ या रेल्वेच्या अधिकृत अ‍ॅपवर पासपोर्ट क्रमांक टाकून काढता येतं. पासपोर्ट हेच तिकीट, तेव्हा तो बॅगेच्या तळाशी कोंबू नका.

वुहानला हानकौ, वुचांग आणि वुहान अशी तीन मोठी स्टेशनं आहेत, तिकिटावर कुठलं आहे ते नीट पाहा. वुहान स्टेशनवर उतरलात तर मेट्रोची ४ नंबरची लाइन धरून होंगशान चौकात २ नंबरला बदला आणि ग्वांगगू चौकात उतरा. याच २ नंबरच्या लाइननं २०१२ साली यांगत्झे नदीच्या खालून पहिल्यांदा मेट्रो नेली. ग्वांगगूच्या बाजूला भूविज्ञान विद्यापीठ, लुमो रोड आणि विद्यार्थ्यांचा महासागर. दहा लाखांहून जास्त विद्यार्थी या एका शहरात शिकतात. एवढी तरुण माणसं, स्वस्त खोल्या आणि बीजिंगच्या बड्या संगीत कंपन्यांपासूनचं अंतर, यातूनच इथला आवाज घडला. एसएमझेडबी हा पंक बँड इथे १९९६ पासून वाजवतोय. व्हॉक्स हा लाइव्हहाऊस, म्हणजे बँडच्या कार्यक्रमांचा छोटा हॉल, त्याच वर्तुळातून आला. त्याचा नावाजलेला पत्ता लुमो रोडवरचा, पण कार्यक्रमाची जागा नेहमी तिकिटावरच पाहून घ्या.

तिकिटं शोस्टार्ट या चिनी अ‍ॅपवर मिळतात, मोठे कार्यक्रम दामाईवर. चिनी सिमकार्ड घेतलंत तर नोंदणीची कटकट वाचते, नाहीतर हॉटेलच्या काउंटरवरची मुलं मदत करतात. अलिपे या पैसे भरायच्या चिनी अ‍ॅपला आपलं आंतरराष्ट्रीय कार्ड भारतातच जोडून ठेवा, रोख पैसे कुणी फारसे घेत नाही. गूगल नकाशाही विसरा. अलिपे आणि एखादं चिनी नकाशा अ‍ॅप या दोन गोष्टींवर सगळी सहल चालते.

कार्यक्रम आठच्या सुमारास सुरू होतात आणि दहाला आटोपतात, त्यामुळे परतीची मेट्रो मिळते. मी गेले तेव्हा स्टेजवर कॉलेजातली वाटावीत अशी चौघं होती. कीबोर्डवाली मुलगी एका हातानं सूर वाजवत होती आणि दुसऱ्यानं प्रेक्षकांना पुढे बोलावत होती. बासचा आवाज पोटात जाणवत होता. पुढच्या रांगेत धक्काबुक्की जोरात चालते, पण कुणी पडलं तर चार हात लगेच उचलतात. कानात घालायचे बोळे जवळ ठेवा. आणि एक कळकळीची विनंती: चीनमध्ये कार्यक्रमाला परवानगी घेताना गाण्यांची यादी आणि शब्द आधी दाखवावे लागतात. तेव्हा कार्यक्रमानंतर भेटलेल्या कलाकारांना राजकारणावरचे खोचक प्रश्न विचारून अडचणीत आणू नका. त्यांना जे म्हणायचंय ते त्यांनी गाण्यात म्हटलेलं असतं.

सकाळी मात्र खाण्यासाठी लवकर उठा. कोपऱ्यावरच्या गाडीवर रगानम्येन मिळतं. आधी उकडून तेल लावून ठेवलेल्या नूडल्स बाई जाळीच्या झाऱ्यात घेऊन उकळत्या पाण्यात दोन-चारदा बुडवतात, कागदी वाटीत टाकतात, वर तिळाची दाट पेस्ट, मुळ्याचं लोणचं आणि कांद्याची पात. लगेच खालीवर करून घ्या, नाहीतर पेस्ट घट्ट बसते आणि सगळ्याचा गोळा होतो. शाकाहारी मंडळींनी मांसाचा रस्सा घालू नका असं आधीच चिनी भाषेत लिहून दाखवावं, कारण बरेच जण तो पळीभर ओततात.

दुपार पूर्व सरोवरासाठी, म्हणजे दोंगहूसाठी ठेवा. साधारण ३३ चौरस किलोमीटरचं हे पाणी शहराच्या पोटातच आहे. काठच्या जमिनीवरच्या मोठ्या बांधकाम प्रकल्पाविरुद्ध २०१० साली इथल्या कलावंतांनी 'प्रत्येकाचं पूर्व सरोवर' असा उपक्रम केला होता. आज तिथे हॅपी व्हॅली या मनोरंजन उद्यानाचे पाळणे फिरतात. भाड्याची सायकल घेऊन काठानं जाताना एका बाजूला शांत पाणी, दुसऱ्या बाजूला उंच इमारती दिसतात, आणि हव्यासावर गाणी करणारा बँड याच गावात का जन्मला ते कळतं. उन्हाळ्यात जाऊ नका, पारा चाळिशीला टेकतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम.

संध्याकाळी फेरीबोटीनं वुचांगहून हानकौला जा, तिकीट अगदी किरकोळ आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला आले, तेव्हा युद्धाच्या धामधुमीत ते आधी याच हानकौत पोचले होते. गाठीला आणखी दोन दिवस असतील तर इथूनच उत्तरेकडची वेगवान गाडी पकडून साधारण चार तासांत शिजियाझुआंगला जा. तिथल्या हुतात्मा स्मारकात कोटणीसांची समाधी आहे. बंद पडणाऱ्या कारखान्यांच्या शहरातली हताशा गाण्यात आणणारा 'ऑम्निपोटंट यूथ सोसायटी' हा बँडही तिथलाच. त्यांचा २०१०चा पहिला अल्बम गाडीतच ऐकून घ्या.