गमल्यातलं लिंबू आणि ग्वाल्हेरची थंडी

आज ग्वाल्हेरच्या लष्कर भागात दुपारी एकपर्यंत धुकं, ऊन नावालाच, आणि शेजारच्या काकू जिन्यातूनच ओरडतायत, अगं तुझं लिंबू पिवळं पडलंय, खत घाल की! काकू, थंडीत खत नको हो. साधारण १३ डिग्रीच्या खाली लिंबू-संत्र्याची वाढ थांबल्यातच जमा, मुळं गारठली की माती ओली असूनही अन्न नीट घेत नाहीत, म्हणून पानं पिवळी, आणि वरून रोज पाणी घातलं तर मुळं कुजणार ते वेगळंच. मी बोट दोन पेरं मातीत खुपसते, कोरडं लागलं तरच पाणी, तेही ऊन आल्यावर. गमल्याखाली थर्माकोलचा तुकडा, कारण जमिनीतल्यापेक्षा गमल्यातली मुळं लवकर गार पडतात.

काकूंना खरं तर कलम हवं होतं (खताचं निमित्त!). म्हटलं गुटी (झाडावरच्याच फांदीला मुळं फोडून केलेलं कलम) पावसाळ्यात बांधू, पेन्सिलीएवढ्या फांदीवरून इंचभर साल गोल काढायची, ओलं मॉस (शेवाळ), वर प्लास्टिक घट्ट, दीड-दोन महिन्यांत पांढरी मुळं दिसायला लागतात. नाहीतर मार्चमध्ये कागदी लिंबाच्या बिया लावा, बरीचशी रोपं आईसारखीच निघतात, फक्त फळाला चार-पाच वर्षं थांबायचं.

"चार-पाच वर्षं? गुटीच बांध बाई!"