तुम्ही विचारलेत म्हणून : भोरगिरीची वाट

"भीमाशंकरला गाडी देवळाजवळ पोहोचते, मग तुम्ही दर वर्षी भोरगिरीहून चालत का जाता? आणि देऊळ इतके जवळ आलेले असताना त्या धबधब्यासाठी वाट वाकडी का करता?" पुण्यात नातेवाईक, शेजारी, ओळखीचे सगळेच मला हे विचारतात. प्रत्येक वेळी मी घाईने काहीतरी सांगून मोकळी होते, म्हणून आज सविस्तर सांगते.

माझी आई अनेक वर्षे आळंदीच्या पालखीबरोबर पंढरीला चालत गेली. परत येताना ती तांब्याच्या लहान गडूत चंद्रभागेचे पाणी आणायची आणि ते देवघरात ठेवायची. चंद्रभागा म्हणजे आपली भीमाच, पंढरपुरापाशी ती चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिथे तिला चंद्रभागा म्हणायचे, हे मला तिनेच सांगितले. गुडघ्यांनी साथ सोडल्यावर वारी थांबली, त्या वर्षी आषाढीच्या दिवशी ती सहज म्हणाली, "इतकी वर्षं तिच्यात स्नान केलं, पण ती निघते कुठून, ते काही पाहिलं नाही." त्याच वर्षी पाऊस ओसरल्यावर मी पहिल्यांदा भोरगिरीला गेले.

गाडीने का नाही, याचे उत्तर नकाशातच आहे. मंचर, घोडेगाव, डिंभे असा जो डांबरी रस्ता भीमाशंकरला जातो, तो घोड नदीच्या खोऱ्यातून चढतो. डिंभे धरणसुद्धा घोडेवरच बांधलेले आहे. त्या रस्त्याने गेलेल्या माणसाला भीमा भेटते ती एकदम देवळापाशी, कुंडातल्या पाण्याच्या रूपात, आणि दर्शन आटोपून तो पुन्हा घोडेच्याच खोऱ्यात उतरतो. राजगुरुनगरहून चास, वाडा, भोरगिरी अशी वाट धरली, तर मात्र नदी शेवटपर्यंत सोबतीला असते. चासकमान धरणाचा तिचा विस्तीर्ण जलाशय आधी दिसतो, मग पात्र अरुंद होत जाते, आणि भोरगिरीत कोटेश्वराच्या देवळाशेजारी ती खडकांतून खळाळणारी, तरुण मुलीच्या चालीची नदी झालेली असते. नदीच्या उलट दिशेने चालत तिच्या जन्मापाशी जायचे, एवढाच माझा या चालण्यामागचा हेतू आहे.

भोरगिरी ते भीमाशंकर हे अंतर सात-आठ किलोमीटरचे आहे आणि मला त्याला चार तास लागतात. सुरुवातीला भातखाचरांच्या बांधांवरून जावे लागते. एकदा मी आषाढात गेले होते, तेव्हा आवणी चालू होती आणि गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायकांमध्ये एका म्हाताऱ्या आजींच्या पाठीवर अजून पानांचे इरले होते. बाकी सगळ्यांनी प्लास्टिकचे कागद पांघरले होते. खाचरे संपली की रान सुरू होते. हे अभयारण्य 1985 साली घोषित झाले आणि आपल्या राज्यप्राण्याचे, शेकरूचे, ते हक्काचे घर आहे. अंजन, हिरडा आणि जांभळाच्या दाटीत आधी कानावर येते ती त्याची खडखडती आरोळी. मग नीट पाहिले तर मागचे पाय फांदीला अडकवून, डोके खाली सोडून, पुढच्या दोन्ही पंजांत फळ धरून ते खात असलेले दिसते. पाठ गडद तांबूस, पोट पिवळसर पांढरे, आणि शेपूट अंगापेक्षाही लांब. अशा वेळी मी जागीच थांबते आणि ते दिसेनासे होईपर्यंत पुढे पाऊल टाकत नाही. या वाटेवर गाणी वाजवत जाणारे लोक भेटतात, त्यांचा मला मनापासून राग येतो.

आता धबधब्याविषयी. देऊळ दीड-दोन किलोमीटरवर राहिले की मुख्य वाट सोडून नदीकडे एक फाटा उतरतो. तिथे गुप्त भीमाशंकर आहे. त्रिपुरासुराला मारून शंकर थकला, त्याच्या अंगावरच्या घामाची भीमा झाली; ती देवळापाशी प्रकटली, तिथेच लुप्त झाली आणि पुढे या ठिकाणी पुन्हा वर आली, अशी श्रद्धा आहे. धबधबा तसा लहानच आहे. खाली खडकात पिंडी आहे आणि तिच्यावर नदी स्वतः अभिषेक करते, त्यासाठी पुजारी लागत नाही की रांग लागत नाही. आश्विनात पाणी निवळले की धार पिंडीवर आदळून तिचा पातळ पडदा होतो आणि त्याच्या आड काळ्या दगडाची गोलाई स्पष्ट दिसते. आईने पाहिले नव्हते ते हेच, असे मला तिथे उभी असताना दर वेळी वाटते.

भर पावसात मात्र तिथे उतरू नये, हे मी आग्रहाने सांगते, कारण त्या आषाढात मी उतरायला निघाले होते. फाट्यावरचा ओढा घोट्याइतकाच होता. पलीकडून गुरे घेऊन येणाऱ्या एका आजोबांनी हाताने मला थांबवले आणि म्हणाले, "ताई, पाण्याचा रंग बघा." मघाशी तळ दिसत होता, तो आता चहासारखा झाला होता आणि पाण्याबरोबर पालापाचोळा वाहत येऊ लागला होता. आमच्या डोक्यावर रिमझिमच होती, पण वर डोंगरात जोराचा पाऊस कोसळत होता. अर्ध्या तासात तो ओढा मांडीपर्यंत चढला आणि त्याचा आवाज इतका वाढला, की शेजारी उभ्या माणसाचे बोलणे ऐकू येईना. त्या वर्षी मी गुप्त भीमाशंकर न पाहताच परतले. तेव्हापासून मी नवरात्रानंतरच जाते.

देवळात मी फार वेळ थांबत नाही. शिखर नाना फडणवीसांनी बांधवले, ते बाहेरून पाहते, आणि वसईच्या 1739 च्या मोहिमेनंतर चिमाजी अप्पांनी आणलेली पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे, तिला हात लावते. चिमाजी अप्पांची समाधी आपल्या पुण्यातल्या ओंकारेश्वराच्या देवळापाशी मुठेच्या काठी आहे. मुठेचे पाणी मुळेला मिळून रांजणगाव सांडसपाशी भीमेतच जाते, म्हणजे पुण्यातून वाहणारे पाणीही शेवटी पंढरपुराखालूनच जाते, हे मला त्या घंटेपाशी उभी असताना हमखास आठवते.

आई आता ऐंशीच्या पुढे आहे. मी रात्री घरी पोहोचले की देवळात गर्दी होती का, दर्शन नीट झाले का, हे ती नंतर विचारते. दार उघडताच तिचा पहिला प्रश्न असतो, "पाणी केवढं होतं गं? पिंडी दिसली का?" आणि त्याचे उत्तर द्यायचे, तर मला त्या फाट्यावरून खाली उतरावेच लागते.