आमची वाटचाल : खळाळत्या पाण्यातल्या उघड्या कॅनू

खळाळत्या पाण्यासाठी उघड्या कॅनू, म्हणजे एका पात्याच्या वल्ह्यानं चालवायच्या निमुळत्या होड्या, सज्ज करायच्या, त्यांची डागडुजी करायची आणि विकत घेण्याआधी माणसाला त्या नदीवर चालवून बघू द्यायच्या, एवढंच आमचं काम. सुरुवात डागडुजीपासून झाली. तुलना करून देण्याचं काम त्यातूनच आलं, कारण तळ कुठे झिजलाय हे बघितलं की ती होडी पाण्यात कशी चालते याचा बराच अंदाज येतो. लांब, तळाची टोकं फारशी वर न वळलेल्या कॅनूची झीज दोन्ही टोकांशी दिसते. आखूड आणि टोकं वर उचललेल्या कॅनूची झीज बसणाऱ्याच्या खाली, मधोमध असते.

पहिल्या टप्प्यात आमच्याकडे १६ फुटी दोनमाणशी कॅनूच जास्त असायच्या. मॅड रिव्हर कंपनीची एक्सप्लोरर आणि प्रॉस्पेक्टर आकाराच्या कॅनू ही त्यातली नेहमीची नावं. प्रॉस्पेक्टर हा मूळचा कॅनडातल्या चेस्टनट कंपनीचा आकार, आता अनेक कारखाने तो आपापल्या परीनं काढतात. एक्सप्लोररचा तळ किंचित व्हीसारखा आहे, त्यामुळे ती सरळ चांगली धावते, पण उथळ पाण्यात मधली रेघ आधी दगडाला घासते. प्रॉस्पेक्टरचा तळ गोलसर आणि टोकं उंच, म्हणून लाटेवर ती कोरडी राहते आणि वळतेही लवकर, मात्र आडव्या वाऱ्यात उंच टोकं त्रास देतात. रॅपिडचा, म्हणजे नदीच्या खळाळत्या टप्प्याचा, मोठा भाग सरळ, लाटांचा आणि कमी दगडांचा असेल, तर या लांब होड्या आजही उत्तम. प्रवाह ओलांडताना एकदा कोन धरला की तो टिकतो आणि चार दमदार वल्ह्यांत पलीकडची एडी, म्हणजे दगडाआडचं उलट फिरणारं शांत पाणी, मिळते.

त्रास होतो तो पाणी भरल्यावर. पाण्याचं वजन लिटरला एक किलो. १६ फुटी कॅनू काठोकाठ भरली तर आत सहज अर्धा टन पाणी असतं, आणि तशी होडी प्रवाहात दगडावर आडवी गेली की दगडाभोवती गुंडाळली जाते. म्हणूनच एअरबॅगचं, म्हणजे होडीत बांधायच्या हवेच्या पिशवीचं, काम आमच्याकडे सगळ्यात आधी वाढलं. एअरबॅगचा हेतू होडी तरंगत ठेवण्याइतकाच पाण्याची जागा अडवण्याचाही आहे.

ही पिशवी नीट बांधणं दिसतं तितकं सोपं नाही. काठपट्टीच्या लगेच खाली दोन्ही बाजूंना साधारण ५ सेंटिमीटर अंतरावर भोकं पाडून दोरी नागमोडी ओवतो. तेवढ्यावर थांबलं तर होडी भरल्यावर पिशवी वर उचलली जाते, तिच्याखाली पाणी शिरतं आणि बाजूंच्या फटीतून ती सुटूनही येते. त्यामुळे तळावर डी-कडी (इंग्रजी डीच्या आकाराची कडी) चिकटवून तिथून आडव्या दांड्यापर्यंत मधोमध एक पट्टा ओढतो. उन्हात होडी ठेवायची असेल तर पिशवीतली थोडी हवा काढावी. गार पाण्यात उतरल्यावर ती सैल पडते, तेव्हा पुन्हा फुंकावी. उन्हात गच्च भरून ठेवलेल्या पिशव्यांचे सांधेच आधी फुटतात.

दुसरा टप्पा एकमाणशी कॅनूंचा, आणि तुलनेचा खरा कस इथे लागला. डॅगर कंपनीची ओकोई आणि मोहॉक कंपनीची प्रोब १२ या दोन होड्या शेजारी ठेवल्या की अर्धा विषय समजतो. प्रोब साधारण १२ फुटी, बाजू आणि तळ जिथे मिळतात ती कड गोलसर, पोट मोठं. ती हळूहळू कलते, हळूहळू परत येते. वल्हवणाऱ्याची चूक ती बरीचशी पोटात घालते आणि मोठ्या लाटेतही कमी पाणी घेते. ओकोई साधारण ११ फुटी, तळ सपाट, कड तीक्ष्ण. कड पाण्यात रोवली की ती एडीत गोलाकार वळण घेत शिरते, जागच्या जागी वळते आणि लाटेवर थांबते तेव्हा कडेवरूनच डावी-उजवी जाते. पण एडीतून प्रवाहात येताना प्रवाहाच्या वरच्या अंगाची कड चुकून बुडली, तर पाणी तिच्यावर चढतं आणि सावरायला वेळच मिळत नाही. प्रोबवर तीच चूक झाली तर निदान वल्हं टेकवण्यापुरती सवड असते.

‘स्थिर’ या शब्दाबद्दल आम्ही फार काळजी घेतो, कारण होडी निवडताना सगळ्यात जास्त घोटाळा याच ठिकाणी होतो. शांत पाण्यात सपाट तळ घट्ट वाटतो आणि गोल तळ डुगडुगतो. लाटेत चित्र फिरतं. सपाट तळ पाण्याच्या पृष्ठभागाशी समांतर राहू बघतो, म्हणजे लाटेचा उतार आला की होडीही त्या उताराइतकी कलते. गोल तळाखालून लाट निघून जाते आणि माणूस सरळ राहतो. त्यामुळे काठाजवळच्या संथ पाण्यात बसून ‘ही डुगडुगते’ असं कुणी म्हणालं, तर ते मत आम्ही लिहून घेतो, पण लाटांवरून एक फेरी झाल्याशिवाय धरत नाही.

या सगळ्या कॅनू रॉयलेक्सच्या होत्या. मध्ये फेसाळ एबीएस प्लास्टिक, दोन्ही अंगांना घन एबीएसचे थर आणि वर व्हिनाइलची कातडी, अशी ती चादर. दगडावर वाकायची आणि उष्णता दिली की बरीचशी मूळ आकारावर यायची. २०१४ मध्ये पॉलीवन कंपनीने रॉयलेक्सचं उत्पादन बंद केलं आणि आमच्या कामाची दिशाच बदलली. जुन्या रॉयलेक्स होड्या टिकवणं हे अचानक महत्त्वाचं झालं.

टोकांची झीज हा त्यातला मुख्य भाग. व्हिनाइल जाऊन आतला थर दिसू लागला की झीजपट्टी बसवावी. फेस उघडा पडेपर्यंत थांबू नये. राळेत भिजवलेली केव्हलार या कृत्रिम धाग्याची जाड नमदापट्टी मजबूत असते, पण वजन वाढवते आणि तिच्या कडेवर पाणी आपटून पुढे फवारा उडतो. आम्हाला डायनेल या दुसऱ्या कृत्रिम धाग्याचं कापड इपॉक्सीत बसवणं जास्त पसंत आहे. थर पातळ राहतो आणि कड घासून तळाशी एकजीव करता येते. लाकडी काठपट्टी असलेल्या रॉयलेक्स होडीचं आणखी एक पथ्य आहे. कडक थंडीत एबीएस लाकडापेक्षा जास्त आकसतं आणि स्क्रू त्याला हलू देत नाहीत, मग स्क्रूपासून खाली चिरा जातात. गोठवणाऱ्या हवेत होडी उघड्यावर ठेवायची असेल तर निदान टोकांकडचे स्क्रू सैल करून ठेवावेत.

पुढचा टप्पा पॉलीएथिलीन प्लास्टिकचा. एस्किफ कंपनीची लेज साधारण ९ फुटी, टोरो त्याहून आखूड. एस्किफनेच पुढे रॉयलेक्सच्या जागी टी-फॉर्मेक्स हे साहित्य आणलं, पण खळाळत्या पाण्यातल्या आखूड होड्यांमध्ये पॉलीएथिलीनच रुळलं. दगडावर ते आपटून घेतं, घासून निघतं, क्वचितच फुटतं. अडचण अशी की त्याला नेहमीचा गोंद धरत नाही. रॉयलेक्सवर डी-कडीचा व्हिनाइल तुकडा चिकटवायची रीत ठरलेली आहे: पृष्ठभाग पुसा, हलका खरवडा, दोन्ही बाजूंना व्हिनाइलच्या गोंदाचे दोन पातळ हात द्या, चिकचिकीत होईपर्यंत थांबा, गरम हवा देऊन मधून कडेकडे रूळ फिरवत दाबा आणि २४ तास हात लावू नका. जाड हात दिला तर आतला द्रावक अडकून बुडबुडे येतात आणि पहिल्या ओढीत तुकडा सुटतो. पॉलीएथिलीनवर हे सगळं वाया जातं. तिथे बोल्ट आणि रुंद वॉशर वापरून आरपार बांधणी करावी लागते. निव्वळ चिकटवायचंच असेल तर आधी ज्योत फिरवून पृष्ठभाग तयार करावा लागतो, आणि तरीही मांडीच्या पट्ट्याचा (वल्हवणाऱ्याला होडीशी घट्ट धरणाऱ्या) ताण आम्ही अशा जोडावर सोपवत नाही.

चालीचं म्हणाल तर ९ फुटी होडी म्हणजे लांब होडीपेक्षा वेगळीच गोष्ट. उंचावरून पडताना एक वल्हं योग्य क्षणी, पडण्याच्या ओठावर मारलं की पुढचं टोक वर राहतं आणि होडी सपाट उतरते. १२ फुटीला त्यासाठी आधी वेग लागतो, नाहीतर नाक खाली जाऊन ती पाणी भरून घेते. उलट प्रवाह ओलांडताना ९ फुटीचा कोन प्रत्येक वल्ह्याला हलतो. सरळ नेण्यासाठी प्रत्येक वेळी शेवटी वल्हं बाहेर ढकलून दिशा सुधारत बसलं तर वेग मरतो. ज्यांना ही होडी जमते ते तिला वल्ह्याच्या बाजूला थोडी कलती ठेवून त्याच बाजूच्या मोठ्या गोलाकार वळणावर चालवतात. वल्हं होडीला बाहेर वळवू बघतं, कड तिला आत ओढते आणि दोन्ही एकमेकांना तोलतात. लांब कॅनूवरून येणाऱ्याला सगळ्यात जास्त वेळ हेच जमवायला लागतो. म्हणून टोरोसारखी अगदी आखूड होडी पहिल्या दिवशी आम्ही कुणाला देत नाही. ती कोरडी राहते, पडायला निर्धास्त आहे, पण सपाट पाण्यात इतकी संथ चालते की चुकलेली एडी पुन्हा गाठता येत नाही.

तुलना खरी व्हायची तर होडी सोडून बाकी सगळं सारखं हवं. सॅडलची, म्हणजे गुडघे टेकून बसायच्या खोगिरासारख्या बैठकीची, उंची आम्ही ८ ते १० इंचांत ठेवतो आणि एका माणसासाठी सगळ्या होड्यांत तीच ठेवतो. एका इंचाचा फरक कल घेताना स्पष्ट जाणवतो. उंच केलं तर घोट्यांना आराम मिळतो आणि होडी अस्थिर वाटते, खाली आणलं तर उलटं. सॅडल पुढे-मागे कुठे बसवायचं ते ठरवायला तळात तांब्याभर पाणी ओतावं, माणसाला बसवावं आणि पाणी कुठे साचतं ते बघावं. मधोमध साचलं तर तोल बरोबर. फार मागे साचलं तर पुढचं टोक लाटेवर उडेल आणि मागचं टोक एडीच्या रेषेवर अडकेल. जागा पक्की होईपर्यंत सॅडल चिकटवायचं नाही, पट्ट्यांनी बांधूनच चालवायचं.

मग त्याच जागी, त्याच पाण्यात क्रम ठरलेला: शांत डोहात कल, एक पूर्ण वळण, एडीतून बाहेर तीन वेगळ्या कोनांत, प्रवाह ओलांडणं, छोट्या लाटेवर थांबणं, आणि शेवटी मुद्दाम अर्धी भरून एडी गाठणं. सगळ्यात उपयोगाची ती शेवटचीच चाचणी. कोरडी असताना चपळ वाटणारी सपाट तळाची होडी आतलं पाणी एका बाजूला सरकलं की कड धरून बसते, गोल तळाची त्यामानाने ऐकते. पंप असलेल्या होडीतही ही चाचणी आम्ही पंप बंद ठेवून घेतो. १२ व्होल्टचा पंप बॅटरीसह दोन-तीन किलो भरतो आणि बुडाशी फोमचे कण अडकले की फिरतो पण पाणी उपसत नाही. त्याची जाळी प्रत्येक वापरानंतर काढून धुवावी.

मांडीच्या पट्ट्यांबाबत सूट नाही. एका ओढीत सुटणारी कडी, आणि नदीत जाण्याआधी डोहात होडी उलटी करून बाहेर पडून दाखवणं. बुटाचा तळ सॅडलखाली किंवा पायाच्या टेकूत अडकत नाही ना, हे पाण्याबाहेर बसून आधी तपासतो. जाड तळाचे बूट घालून आलेल्यांचे पाय इथेच अडकतात.

आज आमच्याकडे चालवून बघायला एक १६ फुटी प्रॉस्पेक्टर, एक गोलसर कडेची १२ फुटी, एक ओकोई आणि एक ९ फुटी पॉलीएथिलीनची अशा चार होड्या कायम सज्ज असतात. चाचणीला येण्याआधी वजन, उंची, बुटाचं माप, वल्हं कोणत्या बाजूला चालवता आणि गुडघ्यांना किती वेळ टेकणं सोसतं, एवढं कळवावं. म्हणजे सॅडल आणि पट्टे आधीच जुळवून ठेवता येतात आणि वेळ नदीवर जातो.