तुम्ही विचारलंत म्हणून : दोन टॉपना जोडायला सब कोणता घ्यावा?

“आमच्याकडे दोन पंधरा इंची टॉप आहेत, आता सब जोडायचा आहे, तर कोणता घ्यावा?” हा प्रश्न मला वर्षभर कोणी ना कोणी विचारत असते आणि गणपतीच्या आधीच्या दिवसांत तर तो जरा जास्तच येतो. टॉप म्हणजे स्टँडवरचा मुख्य स्पीकर आणि सब, म्हणजे सबवूफर, हा फक्त खालचे जड स्वर वाजवणारा स्पीकर. विचारणारे बहुधा कोल्हापूर आणि आसपासच्या गावांतले लहान साउंड सर्व्हिसवाले, ऑर्केस्ट्रा चालवणारे किंवा एखाद्या तालीम मंडळाचे कार्यकर्ते असतात. प्रश्नासोबत बजेट सांगितलेले असते, इंच आणि वॅट सांगितलेले असतात. त्यावर काय वाजणार आणि कुठे वाजणार, एवढेच सांगायचे राहून गेलेले असते. माझे उत्तर तिथूनच सुरू होते, म्हणून ते एकदा सविस्तर लिहितो.

ज्यांचे काम मुख्यतः व्याख्याने, सत्कार आणि कीर्तन यांचे आहे, त्यांनी सब घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारणपणे ८५ हर्ट्झच्या (सेकंदाला ८५ कंपनांच्या; आकडा लहान तेवढा स्वर खालचा) वर असतो आणि तो बारा इंची टॉपही सहज पेलतो. त्याच्या खाली सबमधून जे ऐकू येईल ते म्हणजे माइकवर आदळणारा श्वास, स्टेजवरची पावले आणि वाऱ्याची घरघर. त्या पैशांत दोन चांगले माइक घ्यावेत. हलगीचा कडकडाटही टॉपमधूनच येतो. सोबतच्या घुमक्याला थोडा आधार लागतो, पण तेवढ्यासाठी टेम्पो भरण्यात अर्थ नाही. ऑर्केस्ट्राचे तसे नाही. बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की ४१ हर्ट्झचा स्वर निघतो, किक ड्रमचे वजन ५० ते ६० हर्ट्झच्या आसपास असते आणि कीबोर्ड व ऑक्टापॅडवरचे तयार आवाज त्याहूनही खाली उतरतात. तिथे सब हवाच.

सब कशासाठी हवा, याची समजूत मात्र बहुतेकांची उलटी असते. सब म्हणजे टॉपच्या आवाजात वरून घातलेला धमाका, असे मानले की तो निवडतानाही धमाक्याच्या हिशेबानेच निवडला जातो. वास्तविक सब जोडणे म्हणजे टॉपच्या अंगावरचे सर्वांत जड काम काढून घेणे होय. एखाद्या स्पीकरला १०० हर्ट्झवर जेवढा आवाज द्यायचा, तेवढाच ५० हर्ट्झवर द्यायचा असेल, तर त्याच्या कोनला, म्हणजे पुढच्या हलत्या पडद्याला, चौपट पुढेमागे हलावे लागते. जो पंधरा इंची कोन किकच्या प्रत्येक ठोक्याला असा ताणला जातो, तोच त्याच क्षणी गायकाचा खर्जही वाजवत असतो, आणि म्हणून किक पडली की गाणे गढूळ होते. टॉपला १०० हर्ट्झच्या खालचे काही द्यायचेच नाही असे ठरवले, की तेच टॉप मोकळे होतात आणि शब्द स्वच्छ येऊ लागतात. बऱ्याच अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेल्या, टॉपच्या पाठीवर यासाठीचे बटण असते आणि मिक्सरच्या आउटपुटवरही हे करता येते. सब विकत घेण्यापूर्वी ते बटण दाबून एक कार्यक्रम करून पाहावा. आपल्याला नेमके काय कमी पडते आहे, हे त्यातून कळते, आणि कधी कधी काहीच कमी पडत नाही असेही कळते.

आता आकड्यांकडे वळू, कारण सगळी फसगत तिथेच होते. खोक्यावर ३२०० वॅट असे ठळक लिहिलेले असते. तो आकडा बहुधा पीकचा, म्हणजे क्षणभराचा असतो; सातत्याने झेपणारी शक्ती त्याच्या एक चतुर्थांश, म्हणजे ८०० वॅट, एवढीच असते. त्याहून महत्त्वाचा आकडा सेन्सिटिव्हिटीचा, आणि तो बारीक अक्षरात असतो. १ वॅट दिल्यावर १ मीटरवर ९७ डेसिबल देणाऱ्या सबला ८०० वॅट दिले, तर कागदावर १२६ डेसिबल होतात. पीक धरून हिशेब केला की तोच खोका १३२ डेसिबलचा म्हणून विकता येतो. प्रत्यक्षात अर्धा तास जोरात वाजल्यावर स्पीकरमधली तारेची कॉइल तापते, तिचा रोध वाढतो आणि दोनतीन डेसिबल तिथेच गळतात. शिवाय उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे १ मीटरवरचे १२६ डेसिबल १६ मीटरवर साधारण १०२ उरतात. दुप्पट वॅटचे मशीन, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, लावले, तर वाढतात फक्त ३ डेसिबल. म्हणून वॅट पाहून सब घेणाऱ्याला मी आधी सेन्सिटिव्हिटी विचारायला सांगतो. दुकानदाराला ती सांगता आली नाही, तर दुकान बदलावे.

दुसरी मेख खालच्या मर्यादेत असते. ‘३५ हर्ट्झपर्यंत’ असे लिहिलेले असेल, तर ते किती डेसिबल उतरून, हे पाहिले पाहिजे. उणे ३ डेसिबलवरचे ३५ हर्ट्झ ही खरी कमाई. उणे १० डेसिबलवरचे ३५ हर्ट्झ म्हणजे तिथे काही तरी हलते आहे, एवढेच. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रासाठी ४० हर्ट्झपर्यंत प्रामाणिकपणे वाजणारा सब पुरेसा आहे. त्याखाली जाण्याच्या हौसेपायी खोका मोठा होतो, आवाज कमी होतो आणि खर्च वाढतो.

पंधरा इंच की अठरा, हा वाद मी उचलण्याच्या कष्टावर सोडवतो. अठरा इंची कोनचे क्षेत्रफळ पंधरा इंचीपेक्षा सुमारे चाळीस टक्के जास्त असते आणि तेवढी हवा अधिक हलते, हे खरे. पण चांगल्या प्लायवुडचा अठरा इंची सब पन्नास किलोच्या घरात जातो. स्वतःचा छोटा हत्ती आणि कायमची दोन पोरे असतील, तर अठरा घ्यावा. मोटारीच्या डिकीतून सामान नेणाऱ्याने आणि पहिल्या मजल्यावरच्या मंगल कार्यालयात जिन्याने चढवणाऱ्याने पंधराच घ्यावा, कारण जो सब जड म्हणून घरी राहतो तो किती हर्ट्झपर्यंत वाजतो याला काही महत्त्व नाही. खोक्याच्या प्रकारांत एकदोन सबसाठी साधा पोर्टचा, म्हणजे हवेसाठी तोंड ठेवलेला, खोका उत्तम. हॉर्नचा, म्हणजे कर्ण्यासारखे तोंड असलेल्या खोक्याचा, बेस लांबवर जातो असे म्हणतात, आणि चारसहा खोके एकत्र रचले तर त्यात तथ्यही आहे. एकट्यादुकट्या हॉर्नचे तोंड मात्र ४० हर्ट्झच्या लाटेपुढे फारच लहान पडते, त्यामुळे किंमत हॉर्नची आणि वरचा ढणढणाट तेवढा पदरात, असे होते. पोर्टच्या खोक्याला एक पथ्य आहे. ज्या स्वरावर पोर्ट बांधलेला आहे, त्याच्या खाली कोनला हवेचा आधार राहत नाही आणि तो सैरभैर हलतो. म्हणून ३० ते ३५ हर्ट्झच्या खालचे कापणारा फिल्टर लावलेला असलाच पाहिजे. सुताराकडून खोका करून घेऊन त्यात वेगळा ड्रायव्हर (नुसता स्पीकर) बसवणाऱ्यांचे कोन फाटतात, ते बहुधा इथे.

निवडताना दुकानात ऐकून निर्णय घेऊ नये. दुकानाची खोली लहान असते, सब कोपऱ्यात ठेवलेला असतो आणि दोन भिंती व जमीन मिळून त्याला फुकटचा जोर देतात. तोच सब मैदानात नेला की निम्मा झाल्यासारखा वाटतो. सब बाहेर, निदान दुकानामागच्या मोकळ्या जागेत, जमिनीवर ठेवायला लावावा. मोबाइलमध्ये ४०, ५०, ६३ आणि ८० हर्ट्झचे साधे सूर भरून न्यावेत आणि एकेक वाजवत आवाज चढवत जावे. चाळीसच्या सुराला पोर्टच्या तोंडाशी तळहात धरला, तर हवेचा मऊ धक्का जाणवतो. तिथेच फसफस ऐकू येऊ लागली, तर पोर्ट अपुरा आहे असे समजावे. मग दुसरा हात बाजूच्या फळीवर ठेवावा. पन्नासला शांत असणारा खोका त्रेसष्टला अचानक खुळखुळतो, आणि शोधत गेले की हँडलचा सैल स्क्रू किंवा जाळीची पट्टी सापडते. ती दाबून खुळखुळ थांबली तर हरकत नाही, पण फळीच थरथरत असेल तर आतले आडवे आधार वाचवलेले आहेत. चारही सूर कानाला जवळपास सारख्या टप्प्याने खाली जात आले पाहिजेत. एकच सूर अंगावर येत असेल, तर तो सब प्रत्येक गाण्यात तोच एक सूर वाजवत बसणार. ही परीक्षा आपले टॉप सोबत नेऊन करावी, कारण घ्यायचा सब त्यांच्याशी जुळणारा हवा. नाचाच्या कार्यक्रमांत सबला टॉपपेक्षा सहा ते दहा डेसिबल जास्त देता आले पाहिजेत. माझ्या अनुभवात पंधरा इंची एका टॉपमागे अठरा इंची एक सब हा सुरक्षित हिशेब आहे.

एक घ्यावा की दोन, याला माझे उत्तर असे की पुढे दुसरा घेता येईल असाच पहिला घ्यावा, म्हणजे त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा. दोन सारखे सब शेजारी शेजारी ठेवले तर ६ डेसिबल वाढतात. वेगवेगळ्या मॉडेलचे ठेवले तर काही स्वर वाढतात आणि काही एकमेकांना खातात. आणि हे दोन सब स्टेजच्या दोन टोकांना ठेवण्याची जी सर्रास पद्धत आहे, ती मला मान्य नाही. ५० हर्ट्झची लाट जवळजवळ ७ मीटर लांब असते. दोन टोकांकडून येणाऱ्या लाटा मधल्या पट्ट्यात एकत्र पोचतात आणि तिथे बेस छातीवर येतो. थोडे बाजूला सरकले की त्यांतली एक उशिरा पोचते आणि बेस गायब होतो. दसरा चौकासारख्या मैदानात बाजूचे प्रेक्षक “आवाज नाही” म्हणतात आणि मधले कान झाकतात, याचे कारण पुष्कळदा हेच असते. दोन्ही सब मध्यभागी, स्टेजसमोर जमिनीवर, एकमेकांना खेटून ठेवावेत. पोकळ स्टेजवर ते कधीही चढवू नयेत. फळ्या थरथरतात आणि तीच थरथर माइकच्या स्टँडमधून परत मिक्सरमध्ये येते.

मांडणी झाली की एक छोटे काम उरते, आणि ते न केल्यामुळे चांगले सब बदनाम होतात. टॉप आणि सब जिथे एकमेकांना भेटतात तो १०० हर्ट्झचा सूर दोन्हींतून वाजवावा, प्रेक्षकांच्या मधोमध उभे राहावे आणि सोबत्याला सबमागचे पोलॅरिटीचे, म्हणजे लाट उलटी करण्याचे, बटण दाबायला सांगावे. ज्या स्थितीत सूर मोठा येतो, ती स्थिती बरोबर. टॉप सबच्या बरेच मागे असतील, तर सबला तेवढा डिलेही (उशीर) द्यावा. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, एवढे लक्षात ठेवले की टेपने मोजूनही काम भागते.

गणपतीच्या मिरवणुकीतल्या डॉल्बीच्या भिंतीबद्दलही मला विचारतात, म्हणून तेही सांगतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि सार्वजनिक जागेच्या सीमेवर लाउडस्पीकरचा आवाज त्या भागाच्या मर्यादेहून १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांतले जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर तो बंदच ठेवायचा असतो. राज्य शासन वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देते. पण हे मोजमाप ज्या ‘ए’ श्रेणीत होते, ती ५० हर्ट्झचा आवाज सुमारे ३० डेसिबलने कमी धरते. त्यामुळे मीटरवरचा आकडा फारसा हलत नाही आणि जुन्या पेठांमधल्या खिडक्यांची तावदाने मात्र वाजत राहतात, कारण नेमका हाच आवाज भिंती सर्वांत कमी अडवतात. ज्यांच्या स्टेजच्या मागे घरे आहेत किंवा दवाखाना आहे, त्यांनी सब घेतानाच कार्डिऑइडची, म्हणजे मागे कमी आवाज टाकण्याची, सोय असलेला घ्यावा. तीन खोक्यांतला एक मागे तोंड करून, उलट पोलॅरिटी आणि ठरावीक डिले देऊन लावला, की मागे जाणारा बेस बराच मरतो. मागे राहणाऱ्यांइतकाच त्याचा फायदा स्टेजवरच्या गायकालाही होतो.

अ‍ॅक्टिव्ह की पॅसिव्ह (बाहेरच्या मशीनवर चालणारा), यात मी फार वेळ घालवत नाही. एकदोन सब असतील तर अ‍ॅक्टिव्ह, कारण फिल्टर आणि लिमिटर (आवाज मर्यादेत ठेवणारा) आत बसवलेलेच येतात. चारच्या पुढे जाणार असाल तर पॅसिव्ह आणि मशीनचा रॅक. कोल्हापूरच्या पावसात अ‍ॅक्टिव्ह खोक्याच्या पाठीला ताडपत्री हवी आणि मंडपाची वायर लांबून आली असेल तर व्होल्टेज आधी तपासावे. पॅसिव्हवाल्यांनी केबलचा खर्च मात्र विसरू नये. ४ ओहमच्या सबला ३० मीटर लांबीची दीड चौरस मिलिमीटरची वायर जोडली, तर जाऊनयेऊन वायरचाच रोध ०.७ ओहमच्या आसपास होतो आणि सबपर्यंत पोचणारी शक्ती पावपटीहून जास्त घटते. तीच वायर चार चौरस मिलिमीटरची घेतली, तर तोटा अर्ध्या डेसिबलवर येतो. याहून सोपा उपाय म्हणजे मशीन स्टेजजवळ, सबच्या शेजारी ठेवावे आणि मिक्सरपासून तिथपर्यंत फक्त सिग्नलची केबल न्यावी.