साप किती दिवसांनी जेवतो?

तुम्ही विचारलंत म्हणून. प्रश्न बहुतेक वेळा अमेरिकेतल्या मराठी घरातून येतो: मुलाने कॉर्न स्नेकचं (अमेरिकेत घरी पाळतात तो बिनविषारी साप) पिल्लू आणलंय, चांगलं वाढावं म्हणून रोज खायला द्यायचं का? (भारतात धामण, अजगर असे आपल्याकडचे साप पाळणं 1972च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा इकडच्यांनी हे फक्त वाचावं.)

रोज नाही. आणि कॅलेंडरच्या आधी वजनकाटा आणा, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातलाही चालेल. झाकणाच्या डब्यात साप ठेवून डब्याचं वजन वजा करायचं. अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू जेमतेम 6–8 ग्रॅमचं असतं. त्याला 2 ग्रॅमची एक पिंकी, म्हणजे केस न फुटलेलं उंदराचं पिल्लू, दर 5–7 दिवसांनी. 30 ग्रॅमच्या पुढे आठवड्यातून एकदा, 100च्या पुढे दहा दिवसांनी. पूर्ण वाढलेल्याला 25–30 ग्रॅमचा एक उंदीर दोन ते तीन आठवड्यांतून एकदा पुरतो. पिल्लू स्वतःच्या वजनाच्या पाव भाग खातं, मोठा साप जेमतेम विसावा. लोक चुकतात ते इथे: साप वाढला तरी पिल्लाचंच वेळापत्रक चालू ठेवतात.

तो काचेला नाक घासतो, म्हणजे भुकेला, असं समजू नका. समोर आलेलं गिळायचं, हीच त्याची रीत. जास्त खाल्लं की चरबी साठते, यकृतावर भार येतो. शेपटीकडे बघा. निरोगी सापाचं अंग शेपटीकडे हळूहळू निमुळतं होत जातं. लठ्ठ सापाचं अंग शेपटीपाशी फुगून एकदम बारीक होतं आणि पोट रिकामं असतानाही खवल्यांमधली कातडी दिसते. उलट पाठीचा कणा धारेसारखा वर आला असेल, तर कमी पडतंय.

गोठवलेला उंदीर रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, सकाळी पिशवीत घालून नळाच्या गरम पाण्यात वीसेक मिनिटं. पोट बोटाने दाबून बघा. आत थंड गोळा लागला तर अजून थांबा. मायक्रोवेव्ह नको, उंदीर अर्धा शिजतो, कधी फुटतो. जिवंत उंदीरही नको, तो सापाला चावतो. भक्ष्याची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाइतकी, फार तर दीडपट.

नागपंचमीला आजी फोनवरून वाटीभर दूध ठेवायला सांगेल. तिला हो म्हणा आणि पाणी ठेवा. दूध सापाला पचत नाही.

कात टाकायच्या आधी डोळे निळसर झाले की बरेच साप जेवण नाकारतात. वसंतात नरही नाकारतात. वजन टिकून असेल तर काळजी नको.

उलटी मात्र गंभीर. कारणं ठरलेली: भक्ष्य फार मोठं, खाल्ल्यावर दोन दिवसांच्या आत हाताळलं, किंवा पेटीची उबदार बाजू 29–31 अंश सेल्सिअसच्या खाली गेली. ऊब नसेल तर पचन थांबतं आणि पोटातला उंदीर सडतो. उलटीनंतर 10–14 दिवस फक्त पाणी, मग नेहमीच्या निम्म्या आकाराचं भक्ष्य. तेही बाहेर आलं, तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या, आणि बाहेर आलेलं पिशवीत घालून सोबत ठेवा.