नवा गुन्हा नसताना पुन्हा तुरुंग : आयपीपी शिक्षेतील रिकॉलचा माझा अनुभव

इंग्लंड आणि वेल्समध्ये ‘आयपीपी’ (इम्प्रिझनमेंट फॉर पब्लिक प्रोटेक्शन, म्हणजे लोकांच्या संरक्षणासाठी बेमुदत तुरुंगवास) नावाची शिक्षा २०१२ साली रद्द झाली, पण ज्यांना ती त्याआधी सुनावली गेली होती त्यांच्यावर ती आजही लागू आहे, आणि माझा धाकटा भाऊ त्यांपैकी एक आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात त्याला ‘रिकॉल’ करण्यात आले, म्हणजे बाहेर राहण्याचा त्याचा परवाना रद्द करून त्याला पुन्हा तुरुंगात नेण्यात आले. तिथून तो बाहेर येईपर्यंत आमच्या कुटुंबाला जे शिकावे लागले ते मी इथे लिहीत आहे.

भावाला २००७ साली जबरी चोरीबद्दल ही शिक्षा झाली. दारूच्या नशेत त्याने एका माणसाला चाकूचा धाक दाखवून लुटले होते. त्या माणसाच्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे न्यायालयात वाचून दाखवले गेले तेव्हा मी तिथे बसले होते, आणि त्या गुन्ह्याला तुरुंगवास व्हायलाच हवा होता याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. न्यायाधीशांनी किमान मुदत, जिला इथे टॅरिफ म्हणतात, दोन वर्षांच्या आसपास ठरवली. मात्र या शिक्षेत टॅरिफ संपल्यावर सुटका होत नाही. टॅरिफ संपल्यावर फक्त पॅरोल बोर्डापुढे, म्हणजे कैद्याला सोडायचे की नाही हे ठरवणाऱ्या मंडळापुढे, उभे राहण्याचा हक्क मिळतो, आणि आपण आता समाजाला धोकादायक नाही हे बोर्डाला पटेपर्यंत माणूस आतच राहतो. माझा भाऊ २०१९ साली बाहेर आला.

एवढा काळ का लागला, हे समजायला शिक्षेचा इतिहास थोडा सांगावा लागेल. २००३ च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टने, डेव्हिड ब्लंकेट गृहमंत्री असताना, ही शिक्षा आणली आणि एप्रिल २००५ पासून ती लागू झाली. तिच्यामुळे तुरुंगात साधारण ९०० जागा जास्त लागतील असा सरकारी अंदाज होता. प्रत्यक्षात ती ८,७११ जणांना सुनावली गेली. धोका कमी झाल्याचे दाखवण्यासाठी तुरुंगातले ठरावीक कोर्स पूर्ण करावे लागत, पण कैद्यांच्या मानाने ते कोर्स इतके अपुरे होते की माणसे टॅरिफ संपून गेल्यावरही प्रतीक्षायादीतच राहिली. सप्टेंबर २०१२ मध्ये युरोपियन मानवी हक्क न्यायालयाने अशाच तीन कैद्यांच्या खटल्यात ब्रिटनविरुद्ध निकाल दिला. भावाने ज्या कोर्ससाठी एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात बदली मागितली, तो कोर्स तो तिथे पोहोचेपर्यंत बंद झालेला होता. पुढे २०२२ साली संसदेच्या न्याय समितीने या सर्व कैद्यांना नव्याने, मुदतीची शिक्षा ठरवून द्यावी अशी शिफारस केली आणि पुढच्याच वर्षी सरकारने ती नाकारली. स्वतः ब्लंकेट यांनीही या शिक्षेबद्दल जाहीर खेद व्यक्त केला आहे.

सुटका होते तीसुद्धा लायसन्सवर, म्हणजे अटींच्या परवान्यावर. मंजूर केलेल्या पत्त्यावरच राहायचे, सुटलेल्यांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रोबेशन अधिकाऱ्याला ठरल्या वेळी भेटायचे, नोकरी बदलण्याआधी विचारायचे, परवानगीशिवाय देशाबाहेर जायचे नाही. आमचे वडील वारल्यानंतर आई साताऱ्याला तिच्या भावाकडे जाऊन राहिली आहे, आणि बाहेर आल्यापासून भावाला तिला भेटता आलेले नाही. या अटी पाळून त्याने एका गोदामात काम धरले, जोडीदाराबरोबर घर केले, आणि तीन वर्षांहून अधिक काळ काहीही वावगे घडले नाही.

मग ते नाते तुटले. तो घर सोडून एका मित्राकडे राहायला गेला, हे त्याने प्रोबेशनला कळवले नाही, एक भेट चुकवली, आणि पुढच्या भेटीला गेला तेव्हा त्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता. नियमानुसार आयपीपीच्या माणसाला केवळ अट मोडली म्हणून आत घेता येत नाही. त्याचे वागणे मूळ गुन्ह्याच्या वेळच्या वागण्यासारखे झाले आहे, किंवा त्यातून हिंसक अथवा लैंगिक गुन्हा घडण्याची शक्यता आहे, किंवा त्याच्याशी संपर्कच तुटला आहे, यांपैकी काहीतरी दाखवावे लागते. भावाचा मूळ गुन्हा दारूत घडला होता, त्यामुळे हा दुवा जोडणे अधिकाऱ्यांना अवघड गेले नाही. प्रोबेशन अधिकाऱ्याला काळजी वाटली हे मी समजू शकते. पण त्या काळजीवर त्याला सुटलेल्या कैद्यांसाठीच्या, देखरेखीखालच्या वसतिगृहात ठेवणे, दारूची नियमित तपासणी करणे, व्यसनमुक्ती केंद्राशी जोडून देणे असे उपाय होते, आणि ते न करता थेट शेवटचे पाऊल उचलले गेले असे माझे मत तेव्हाही होते व आजही आहे.

साताऱ्याला फोन केला तेव्हा आईने विचारले, “आता काय केलं गं त्यानं?” नवा गुन्हा काहीच नाही, खटला नाही, न्यायाधीश नाही, आणि तरी तो तुरुंगात आहे व कधी सुटेल त्याला तारीख नाही, हे तिला सांगणे फार कठीण गेले. गावाकडच्या नातेवाइकांना आजही वाटते की आम्ही त्यांच्यापासून काहीतरी लपवले आहे. मुदतीची शिक्षा असलेल्या अनेक कैद्यांना रिकॉल झाल्यावर ठरावीक दिवसांनी आपोआप सोडले जाते. आयपीपीच्या माणसाला तशी वाट नाही. त्याच्यासाठी प्रश्न पुन्हा तोच, की लोकांच्या संरक्षणासाठी याला आत ठेवणे अजून आवश्यक आहे का.

पहिले काही दिवस कामांच्या धबडग्यात गेले. घरात राहिलेले त्याचे सामान हलवणे, गोदामाच्या मॅनेजरशी बोलणे, तुरुंगाच्या फोनवर माझा नंबर मंजूर करून घेणे, त्याच्या खात्यात पैसे भरणे, भेटीची वेळ मिळवणे. यांत सर्वांत तातडीचे काम होते सॉलिसिटर शोधणे. पॅरोल बोर्डापुढच्या प्रकरणासाठी सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो, पण तुरुंगविषयक कायद्याचे काम करणाऱ्या फर्म गेल्या काही वर्षांत कमी होत गेल्या आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी आता नवे काम घेत नाही असे उत्तर मिळाले. शेवटी जिने प्रकरण घेतले तिने पहिल्याच फोनवर एक गोष्ट स्पष्ट केली : रिकॉल चुकीचा होता यावर सगळी शक्ती खर्च करू नका, बोर्ड मुख्यतः पुढचे पाहील. अन्याय झाला असे वाटत असताना हे ऐकणे सोपे नव्हते, तरी तिचा सल्ला अचूक होता.

परवाना का रद्द केला याचा अहवाल भावाला तुरुंगात देण्यात आला, आणि नियमाप्रमाणे अठ्ठावीस दिवसांच्या आत प्रकरण पॅरोल बोर्डाकडे गेले. बोर्डाच्या एका सदस्याने कागदपत्रे वाचून तोंडी सुनावणीचा आदेश दिला. हा आदेश लवकर आला, पण सुनावणीची तारीख मात्र वर्ष उलटून गेल्यावर मिळाली. मधल्या काळात मानसशास्त्रज्ञाचा नवा अहवाल मागवला गेला, तो उशिरा आला, आणि दरम्यान प्रोबेशन अधिकारी बदलला. नव्या अधिकाऱ्याने भावाला कधी पाहिलेलेही नव्हते, तरी सुटकेबद्दलची शिफारस त्यालाच करायची होती.

हा वाट पाहण्याचा काळ भावासाठी सर्वांत वाईट होता. पहिल्या वेळी त्याला निदान आशा होती की एकदा सुटलो की संपले. या वेळी त्याला कळून चुकले होते की सुटणे म्हणजे संपणे नव्हे. भेटीला गेले की तो म्हणे, “ताई, मला दहा वर्षं दिली असती तरी मी मोजत बसलो असतो. आता मोजू काय?” आयपीपी कैद्यांमधल्या आत्महत्यांविषयी मी तोपर्यंत बरेच वाचले होते, त्यामुळे त्याचा आवाज थोडा जरी खोल गेला तरी मी तुरुंगाच्या सुरक्षा विभागाला फोन करून त्याच्यावर लक्ष ठेवण्याची विनंती करत असे. कुणाला त्याचा त्रास झाला असेल तर होवो. असा फोन करायला घरच्यांनी कधीही संकोच करू नये.

आमच्या हातात जे होते ते आम्ही केले, आणि त्याचा उपयोग झाला. बोर्डाला दिलेले माझे पहिले पत्र सॉलिसिटरने परत पाठवले, कारण त्यात तो स्वभावाने किती चांगला आहे हेच जास्त होते. तिला हवी होती माहिती : नाते तुटल्यावर तो मला किती वेळा भेटला, त्याच्या पिण्याबद्दल मला कधी आणि कसे कळले, पुन्हा तसे दिसले तर मी कुणाला फोन करीन, तो अधिकाऱ्यांपासून काही लपवतो आहे असे कळले तर मी काय करीन. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लिहायला मला वेळ लागला. मी लिहिले की मी आधी त्याला सांगीन आणि त्याच दिवशी प्रोबेशनलाही कळवीन. ते वाक्य मी त्याला भेटीत दाखवले, आणि त्याने ते मान्य केल्यावरच पत्र पाठवले. पुढे आमचे घर त्याला राहायला योग्य आहे का हे पाहण्यासाठी प्रोबेशनचे लोक आले. घरात कोण राहते, मुले आहेत का, दारू असते का, माझ्या नवऱ्याला काय वाटते, हे सारे त्यांनी विचारले. आम्ही घरातली दारू आधीच काढून टाकली होती आणि ती पुन्हा आणलेली नाही.

सुनावणी २०२४ च्या शरद ऋतूत व्हिडिओवर झाली. मला आत बसता आले नाही, पण पत्र कागदपत्रांत होते. तीन सदस्यांनी भावाला थेट प्रश्न विचारले, आणि त्यांतले बहुतेक दारूबद्दल नसून गप्प राहण्याबद्दल होते : अडचण आली तेव्हा सांगितले का नाही? सांगितले असते तर आत टाकतील अशी भीती वाटली, असे त्याने खरे उत्तर दिले. या उत्तरातच या शिक्षेचा मोठा दोष आहे असे मला वाटते. ज्याच्याकडे मदत मागायची त्याच्याच हातात तुरुंगाची किल्ली असेल, तर माणूस नेमका संकटात असतानाच बोलायचे थांबतो.

निर्णय लेखी आला : सुटका मंजूर. त्यावर फेरविचार मागण्याची मुदत संपेपर्यंत तो अंतिम नसतो, आणि त्यानंतर मंजूर वसतिगृहात जागा मिळण्याची वाट पाहावी लागते. २०२५ च्या सुरुवातीला तो बाहेर आला, काही काळ वसतिगृहात रात्रीच्या संचारबंदीसह राहिला, आणि मग आमच्याकडे आला.

दरम्यान कायदा काहीसा बदलला होता. २०२४ च्या व्हिक्टिम्स अँड प्रिझनर्स ॲक्टने लायसन्स संपवण्यासाठीची पात्रता पहिल्या सुटकेपासून दहा वर्षांऐवजी तीन वर्षांवर आणली, आणि ती तीन वर्षे झाल्यावर सलग दोन वर्षे रिकॉल न होता बाहेर काढली तर लायसन्स आपोआप संपते अशी तरतूद केली. १ नोव्हेंबर २०२४ ला ही तरतूद लागू झाली तेव्हा सतराशेहून अधिक लोक एका दिवसात मोकळे झाले. पण त्याच सुमारास तुरुंगात असलेल्या आयपीपी कैद्यांत कधीच न सुटलेले हजारावर होते आणि रिकॉल झालेले त्याहूनही जास्त, सुमारे सोळाशे. त्यांच्यासाठी शिक्षा नव्याने ठरवण्याखेरीज न्यायाचा दुसरा मार्ग मला दिसत नाही.

भावाची दोन वर्षे सुटकेच्या दिवसापासून मोजली जात आहेत, आणि रिकॉल झाला तर ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होतील. तो व्यसनमुक्तीच्या गटात जातो, प्रोबेशनची प्रत्येक भेट मी माझ्याही कॅलेंडरमध्ये लिहून ठेवते, आणि कामाची पाळी बदलली तरी तो आधी अधिकाऱ्याला लेखी कळवून त्याचे उत्तर जपून ठेवतो. आईला भेटायला भारतात जाण्याच्या परवानगीसाठी त्याने अर्ज केला आहे; त्याचे उत्तर अजून आलेले नाही.